वळण

पहिली सही मी गॅसच्या बिलामागे केली,
कोऱ्या बाजूवर, चाळीस वेळा.
आईच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे शेजारीशेजारी दोन कमानी,
मग पुढची पाचही अक्षरं ती पेन न उचलता ओढते,
आणि शेवटी एक शेपूट, खाली, डावीकडे,
जेवणं आटपल्यावर ओटा पुसावा तसं.

आई इटलीला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.
बारी नावाच्या गावात एका म्हातारीला ती आंघोळ घालायची,
उचलून खिडकीशी बसवायची.
सहल बातुमीची होती. मला समुद्र बघायचा होता, एवढंच.
बाबांची सही चालली असती. पण ते खाणीतून यायचे
तेव्हा मँगनीजनं हात कोपरापर्यंत काळे,
आणि पांढऱ्या कागदाकडे ते लांबूनच बघायचे:
"आईचं नाव छापलंय ना वर? मग ते आईचं काम."

बातुमीला धुकं होतं.
समुद्राचा नुसता आवाज आला.

नंतर हात बसला.
गणितात दहापैकी चार: सही.
लस टोचायला हरकत नाही: सही.
"तुमची मुलगी वर्गात फार बोलते":
खाली "वाचलं. समज देते", आणि सही.
समज मी खरंच दिली. आरशासमोर, आईच्या आवाजात.
तळमजल्यावरची गुलिको जिन्यात सगळ्यांना ऐकवायची,
आई परमुलखात, पोरीला वळण लावणार कोण?
मी तर रोज रात्री वळणच गिरवत होते.

त्सियाला बाई भूगोल शिकवायच्या.
वही परत देताना एकदा म्हणाल्या,
"लामाराचं अक्षर सुधारलं हं.
माझ्या वर्गात होती तेव्हा कुत्र्याचे पाय मांजराला असायचे."
बस. पुढे काही नाही.
त्या महिन्यापासून मी सही जरा बिघडवून करू लागले.

मग उचाचे कागद. धाकटा माझा.
मी शाळा सोडली तरी त्याच्यापुरती आई राहिले.
एकदा त्याच्या दप्तरात गैरहजेरीची चिठ्ठी सापडली,
सही झालेली. मी न केलेली.
कमानी ठीक. शेपूट डावीकडे.
पण शेपटाच्या टोकाला एक बारीक आकडा होता
जो आई कधीच काढत नाही.
तिथे माझं पेन अडतं. तो माझा.
मी त्याच्या थोबाडीत मारली, आणि मीच रडले.
त्याला वाटलं, माझा हात दुखला.

अकरा वर्षांनी, यंदा जूनमध्ये, आई आली. म्हातारी वारली होती.
उचाचा दाखला काढायचा होता.
ऑफिसात नवी मुलगी, लांब नखांची.
रजिस्टर उलटून म्हणाली, "सही जुळत नाही, मॅडम."

आईनं रजिस्टर आपल्याकडे फिरवलं.
एक पान मागे. आणखी मागे.
अकरा वर्षं तिनं जे जे वाचलं होतं, कबूल केलं होतं,
ज्याला ज्याला हो म्हटलं होतं, ते तिथे होतं.
पोहायला हो. दात काढायला हो.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
"एखादा रद्दी कागद मिळेल का?"

मुलीचा फोन वाजला, ती पाठ करून बोलू लागली.
आईच्या बोटांचे सांधे सुजलेले,
दुसऱ्याच्या आईला उचलून उचलून.
पहिली कमान. दुसरी. शेपूट.
"इथे," मी हळूच म्हणाले, "पेन जरा अडतं."
तिनं पुन्हा काढली. अडवून.
पुन्हा.

सातव्या खेपेला जमली.
मुलीनं शिक्का मारला, ओल्या शाईवर फुंकर घातली.

रोपवेच्या पाळण्यात आम्ही तिघं गप्प.
खाली नदी, काळपट.
उचानं विचारलं, जेवायला काय आहे?
आम्ही दोघींनी एकदमच उत्तर दिलं,
वेगवेगळं.